भिंतीवरचा क्रूस

माझी धाकटी जाऊ रेजिना हिनं त्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी प्रभूचा क्रूस भर उन्हात भिंतीवर राहू दिला आणि स्वतः ओट्यावर शेवग्याच्या शेंगा मोडत बसली. क्रुसाच्या आडव्या दांड्यावर कावळा येऊन बसला, तरी बाईनं मान वर केली नाही.

भिंतीवर तो ठेवला होता मी, हे खरं. पण दरवर्षी मीच ठेवायची आणि ती उचलायची. भांडण असलं तरी देवाचं काम अडत नव्हतं. ते तिनं अडवलं.

आमच्या उंबरवाडीत पास्काआधीचा, म्हणजे ईस्टरआधीचा, उपासकाळ असा पाळतात. राखेच्या बुधवारी देवळातला लाकडी क्रूस वाडीत येतो. चर्चला आम्ही जुनी माणसं देऊळच म्हणतो. मग हा क्रूस घरोघर फिरतो. आज एका घरी मुक्काम, तिथं संध्याकाळी सगळी वाडी जमते, रोझरी होते, गाणी होतात, उकडलेले चणे वाटतात. उद्या त्या घरची बाई तो पुढच्या घरी नेऊन तिथल्या बाईच्या हातात देते. देताना म्हणायचं, ‘प्रभूची शांती तुझ्या घरी.’ घेणारीनं म्हणायचं, ‘तुझ्याही घरी.’ पवित्र गुरुवारी शेवटच्या घरून क्रूस देवळात परत जातो. मटण-मासळी तेवढे दिवस बंद, लग्नं बंद, मोठ्यानं हसणंसुद्धा बेतानं.

आमचं घर वाडीच्या टोकाला. आमच्यानंतर रेजिनाचं, आणि त्यानंतर खाडीच्या बांधालगतचं शेवटचं घर नतालआत्याचं. ती माझ्या नवऱ्याची आत्या. आमचं आणि रेजिनाचं घर म्हणजे मुळात एकच घर, मधे भिंत घालून दोन केलेलं. आत आढ्यापर्यंत भिंत, बाहेर ओट्यावर छातीइतकी. ती भिंत मीच घालून घेतली होती. तेव्हापासून मी रेजिनाशी बोलले नव्हते. सोळा-सतरा वर्षं झाली असतील. क्रूस आला की एक रात्र ठेवून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी ओट्यावरच्या भिंतीवर पांढरं फडकं अंथरून त्यावर ठेवायचा, एकदा खाकरायचं आणि आत जायचं. ती पलीकडून येऊन उचलायची. प्रभूच्या शांतीचं मी मनातल्या मनात म्हणून टाकायची, मोठ्यानं नाही.

पण त्या वर्षी फादर नवीन आले होते. फादर ऑस्वाल्ड. अजून मिशी नीट फुटली नव्हती, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्यालाच बोलतायत. त्या रविवारी झावळ्या आशीर्वादित झाल्यावर ते म्हणाले, “काही घरी क्रूस भिंतीवर ठेवून दिला जातो, असं कानावर आलंय. क्रूस हातातून हातात जाईल. भिंतीला हात नसतात.” सगळं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं. मी समोर बघत राहिले.

घरी आले आणि दरवर्षीसारखा क्रूस भिंतीवर ठेवला. म्हटलं, कालची आलेली पोरं आम्हाला शिकवणार.

तर रेजिना उचलेना.

आम्ही बोलत नव्हतो, पण एकमेकींना ऐकवत मात्र होतो. ती तिच्या कोंबडीशी बोलायची, मी माझ्या माडाशी. त्या दुपारी ती कोंबडीला म्हणाली, “तांबडे, फादर काय म्हणाले ऐकलंस ना? हातातून हातात. मी हातात घेईन, भिंतीवरून उचलणार नाही.”

मी माडाकडे बघून म्हटलं, “बघ बाबा, प्रभू उन्हात तापतोय आणि लोकांना मान हवाय.”

“मान कोण मागतंय, तांबडे? मी फक्त हात पुढे कर म्हणतेय.”

“हात काय वाटेवर पडलाय, कुणासाठीही पुढे करायला.”

कोंबडी बिचारी दाणे टिपत होती. कावळा आला तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. मी क्रूस उचलला आणि आत आणला. त्या संध्याकाळी प्रार्थना पुन्हा माझ्याच घरी झाली. बायका आल्या, गायल्या, चणे खाल्ले आणि काही न विचारता गेल्या. विचारलं असतं तर बरं झालं असतं, उत्तर तरी देता आलं असतं.

रात्री मी जेवण वाढत असताना माझा नवरा बस्त्याव म्हणाला, “आत्या विचारत होती.”

“काय?”

“क्रूस कधी येणार म्हणून.”

मी भाकरी त्याच्या ताटात टाकली. नतालआत्या नाताळापासून अंथरुणाला खिळली होती. पाय सुजलेले, श्वास लागायचा. वाडीतली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मली, माझी तिन्ही तिनंच काढली. यंदाचा क्रूस शेवटचा, असं ती येईल त्याला सांगायची. आणि तो तिच्या घरी पवित्र गुरुवारपर्यंत राहायचा, शेवटचं घर म्हणून. गुरुवार आला की तो देवळात जाणार. मग तिला मिळायचाच नाही.

“येईल,” मी म्हटलं.

“कसा येईल? मधलं घर...”

“अहो, तुम्ही केळी बघा. घरातलं मी बघते.”

बस्त्यावनं भाकरी मोडली. बोलायचा त्याचा स्वभावच नव्हता.

सोमवारी क्रूस माझ्याच घरी. मंगळवारी सकाळी फादर सायकलवर आले. मी वाल सोलत होते. उठले नाही, पाट तेवढा पुढे सरकवला.

“कुस्तानबाई,” ते म्हणाले, “क्रूस तुमच्याकडे अडलाय म्हणे.”

“अडला नाही, राहिलाय. त्याला इथं काही कमी नाही. फुलं रोज बदलते.”

“पुढच्या घरी द्यायला पाहिजे.”

“मी दिला होता. घेतला नाही.”

“भिंतीवर दिला होता.”

“फादर, तुम्ही यायच्या आधी इतकी वर्षं तो भिंतीवरूनच गेला. तेव्हा प्रभूची काही तक्रार आली नाही.”

ते हसले. मग पाटावर बसले. “रेजिनाबाईंशी तुमचं काय झालंय?”

“ते माझ्यात आणि भिंतीत आहे.”

“गुरुवारी मी प्रभूसारखे बारा जणांचे पाय धुणार. शत्रूचेसुद्धा धुवायचे असतात ते.”

“धुवा. माझे नकोत. मी रोज धुते.”

त्यांनी एक वाल सोलायला घेतला. निसटला हातातून. दुसरा दातांनी सोलला. “तिकडे नतालआजी वाट बघतायत. मी काल त्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला गेलो होतो. म्हणाल्या, फादर, क्रूस घरात आला की मी मोकळी. तुम्हाला रेजिनाबाईंना काही द्यायचं नसेल तर नका देऊ. पण त्या म्हातारीचं काय?”

“तिला मिळेल,” मी म्हटलं. “ते माझं मी बघेन. आणि वाल सोलायचे तर नखानं सोला, दातांनी नको.”

ते गेल्यावर मी वाल तसेच सोडून आत गेले आणि क्रुसासमोर उभी राहिले. माझं मन वळत नव्हतं. का वळावं?

आता सांगते, काय होतं ते.

माझा धाकटा इनास. दोन वर्षांचाही झाला नव्हता. गुड फ्रायडेला, क्रुसाचं चुंबन चालू असताना, ताप त्याच्या डोक्यात गेला. शनिवारी सकाळी आम्ही त्याला पुरलं. पवित्र गुरुवारपासून पास्काच्या रात्रीपर्यंत देवळाची घंटा वाजवत नाहीत, प्रभू कबरेत असतो म्हणून. मेलेल्यासाठीसुद्धा नाही, मिस्साची प्रार्थनाही नाही. माझ्या लेकरासाठी घंटा वाजली नाही. नुसती लाकडाची फळी खटखटवली. आणि त्याच रात्री पास्काच्या मिस्साला सगळ्या घंटा एकदम वाजल्या, तासभर वाजत राहिल्या. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. कानांत बोळे घातले तरी ऐकू येत होत्या.

सकाळी पास्काचा रविवार. घर तेव्हा एकच होतं, चूल एकच. रेजिना तीन-चार महिन्यांची नवी सून, आणि माझा दीर पावलू जहाजावर. मी पडलेली. आणि चुलीवरून मटणाचा वास आला. मसाला भाजल्याचा, खोबरं भाजल्याचा. मग हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. उठले, भिंतीला धरत दारापर्यंत गेले. दार अर्धं उघडं होतं. आत रेजिना चुलीसमोर उभी, एका हातात पळी, डोक्यावर केळ्यांची टोपली उपडी घातलेली, आणि ती नाचत होती. नाचत होती आणि हसत होती.

परत येऊन पडले. लोक सांत्वनाला येत-जात राहिले, तोवर मी गप्प राहिले. मग बस्त्यावला सांगितलं, भिंत घाला. त्यानं विचारलं, का? मी म्हटलं, विचारू नका, घाला. त्यानं घातली.

कुणाला मी हे सांगितलं नाही. सांगायचं काय? माझं मूल पुरलेल्या दुसऱ्या दिवशी माझी जाऊ नाचली, हे तोंडानं बोलायचं?

तर अशा बाईच्या हातात हात देऊन ‘प्रभूची शांती’ म्हणायचं. मी म्हणणार नव्हते.

पण आत्याला क्रूस मिळायलाच हवा होता, आणि तो देण्याची वाट मी शोधून काढली. बुधवारी सकाळी न्हाले, पांढरं लुगडं नेसले, क्रूस खांद्यावर घेतला आणि निघाले. क्रूस माझ्या उंचीचा होता, पण मी केळीचे घड वाहिलेली बाई. रेजिनाच्या दारासमोरून मान ताठ ठेवून गेले. ती ओट्यावर केर काढत होती. मला बघून तिचा झाडू थांबला. कोंबडीलासुद्धा काही म्हणाली नाही.

वाडीत दोन-चार बायका दारात आल्या. एकीनं विचारलं, “काकी, कुठे?”

“आत्याकडे. गुरुवारपर्यंत थांबायला वेळ कुणाला आहे?”

“आणि रेजिनाचं घर?”

“ते तिला विचारा.”

आत्याचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं पडवी. खाट दाराशीच ओढलेली, तिला खाडीचा वारा लागावा म्हणून. ती उशीला टेकून बसली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला, मग तिची नजर माझ्या मागे गेली. कोणी नव्हतं.

“रेजिना कुठाय?” तिनं विचारलं.

“आत्याबाई, क्रूस आणलाय. घ्या. प्रभूची शांती तुमच्या घरी.”

तिनं हात पुढे केले नाहीत. चादरीवर तसेच ठेवले. “रेजिनाकडून आला का हा?”

“माझ्याकडून आला. ती घेत नाही.”

“मधलं घर गाळून आलेला क्रूस मला नको.”

“आत्याबाई, उद्या गुरुवार. उद्या तो देवळात जाणार.”

“जाऊ दे.”

“मग तुम्हाला मिळायचा नाही.”

“नाही मिळाला तर नाही मिळाला. मरेन त्याच्याशिवाय. पण वाट चुकलेला क्रूस उशाशी ठेवून मी मरणार नाही. खाली ठेव तो. बस.”

मी क्रूस भिंतीला टेकवला. पण बसले नाही. “तुम्हाला माहीत नाही तिनं काय केलंय.”

“तू सांग.”

आणि मी सांगितलं. पहिल्यांदाच. टोपली, पळी, नाच, सगळं. माझं संपल्यावर आत्यानं पाणी मागितलं, दोन घोट घेतले, आणि पेला हातातच धरून म्हणाली, “दाराच्या मागे कोण होतं ते बघितलंस का?”

“दाराच्या मागे?”

“तू अर्ध्या दारातून बघितलंस. दाराच्या मागच्या बाजूला पाटावर तुझी बेर्ता आणि जोकिम बसले होते. आणि कोपऱ्यात मी.”

मी खाटेच्या कडेला बसले.

आमच्याकडे पास्काला अशी रीत आहे की घरातली थोरली बाई प्रत्येकाच्या तोंडात पहिला घास घालते, मगच उपास सुटतो. पोरांनासुद्धा हे पक्कं माहीत असतं. थोरलीच्या हाताशिवाय कोणी खात नाही.

“गुड फ्रायडेपासून तुझी पोरं पाण्यावर होती,” आत्या म्हणाली. “शुक्रवारी कडक उपास, शनिवारी मयत, घरात चूल नाही. रविवारी सकाळी बस्त्याव माझ्याकडे धावत आला. म्हणाला, आत्या, पोरं खात नाहीत. भात पुढे केला तर म्हणतात, आईनं पहिला घास दिला नाही. मी आले. तुझ्या खोलीत आले, तुला हलवलं, म्हटलं, कुस्तान, ऊठ, दोन घास घाल पोरांना. तू काय म्हणालीस, आठवतं?”

मला आठवत नव्हतं. अजून आठवत नाही.

“म्हणालीस, मला कुणी पोरं नाहीत. तेव्हा मी रेजिनाला सांगितलं, या घरात दुसरी बाई तू, तू घाल. ती रडायला लागली. म्हणाली, थोरलीचा मान मी कसा घेऊ, नवी सून मी. मी म्हटलं, मान नंतर, पोरं आधी. मटण आधीच सांगून ठेवलेलं, ते सकाळी घरी येऊन पडलं होतं. तिनं शिजवलं. बेर्तानं घास घेतला. जोकिम घेईना. तोंड घट्ट मिटून बसला. मग त्या पोरीनं डोक्यावर टोपली घातली आणि त्याच्यासमोर नाचली. तो हसला. हसला तसं तोंड उघडलं, आणि तिनं घास आत घातला.”

बाहेर बांधावर कोणाची तरी होडी लागत होती.

“मला का नाही सांगितलंत?”

“मी रेजिनाला म्हटलं, सांग. भिंत घातलीस तेव्हाही म्हटलं. ती म्हणाली, नको. पोरांनी इनास गेल्यावर पोटभर खाल्लं, हे थोरलीला कळलं तर ती पोरांच्या तोंडाकडे बघेल तेव्हा तिला तेच दिसेल. त्यापेक्षा माझ्यावर राग असू दे. मला शपथ घातली तिनं. पण मी आता जायची आहे. तिची शपथ बरोबर नेऊन मी काय करू?”

मी उठले. क्रूस उचलला. आत्या म्हणाली, “कुठे निघालीस?”

“क्रूस वाट चुकलाय म्हणालात ना? वाटेला लावते.”

आत्यानं त्या वर्षी पाऊस बघितला नाही. पण पास्का बघितला.

घरी आले तेव्हा बस्त्याव मागच्या बागेत केळीला पाणी सोडत होता. मी क्रूस खांद्यावर घेऊन तशीच त्याच्यापर्यंत गेले, चिखलातून.

“त्या पास्काला पोरांना पहिला घास कोणी दिला?”

त्यानं कुदळ खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, क्रुसाकडे बघितलं. “रेजिनानं.”

“तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस कधी?”

“आणि भिंत घाला म्हटलं तर भिंत घातली.”

“तू म्हणालीस, विचारू नका.”

त्या माणसाशी संसार केला मी. कुदळ त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली आणि पायही धरावेसे वाटले. दोन्ही केलं नाही. म्हटलं, “पाणी पुढच्या वाफ्यात वळवा. इथं तुंबलंय.” आणि ओट्याकडे वळले.

तिथं भिंत. भिंतीवर रविवारचं पांढरं फडकं अजून पडलेलं, मी काढलंच नव्हतं. पलीकडे रेजिना पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. मी क्रूस भिंतीवर ठेवला नाही. खांद्यावरच ठेवून उभी राहिले. खाकरले नाही.

“रेजिना.”

सूप तिच्या मांडीवरून घसरलं. तांदूळ पायरीवर सांडले. कोंबडी धावत आली. इतक्या वर्षांत मी तिचं नाव घेतलं नव्हतं, माडालासुद्धा ‘ती’ म्हणूनच सांगायची.

“इकडे ये.”

ती उठली. भिंतीशी आली. केस पांढरे झाले होते तिचे कानाजवळ. ते मी बघितलंच नव्हतं. भिंतीच्या पलीकडचं माणूस अर्धंच दिसतं.

“जाऊबाई,” ती म्हणाली आणि तिथंच थांबली.

“भिंतीवरून नको. फिरून ये. दारातून.”

ती ओट्यावरून उतरली, अंगणातून वळसा घालून माझ्या दारात आली. दारात येऊन उभी राहिली, उंबऱ्याच्या बाहेर, नवी सून उभी राहते तशी. हात पदराला पुसत होती. ते कोरडेच होते.

“आत्यानं सांगितलं?” तिनं विचारलं.

“सांगितलं.”

“मी शपथ घातली होती तिला.”

“मोडली तिनं.”

रेजिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही आलं. मला रडायला वेळ नव्हता, क्रूस खांद्यावर रुतत होता.

“जोकिमला आठवतं का?” तिनं विचारलं.

“त्याला विचारलं नाही. तो संध्याकाळी ड्युटीवरून येईल, तेव्हा तूच विचार. टोपली घालून विचार.”

ती हसली. रडता रडता हसणं कसं दिसतं, ते मी त्या दिवशी बघितलं. बरं दिसत नाही. पण त्या पास्काला जोकिमनं हेच बघितलं असणार, असं मला वाटलं.

“जाऊबाई, मला मान घ्यायचा नव्हता. तुमचा मान होता. मी मागून पुष्कळदा...”

“गप्प. आधी हात पुढे कर.”

तिनं केले. मी क्रूस खांद्यावरून उतरवला आणि तिच्या दोन्ही हातांत दिला. जड होता, ती वाकली, पण सोडला नाही. वाडीतल्या बायका एव्हाना कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. सगळं ऐकायला मिळावं म्हणून एकमेकींना गप्प करत होत्या. मी त्यांच्याकडे बघून मोठ्यानं म्हटलं, “प्रभूची शांती तुझ्या घरी.”

“तुमच्याही घरी, जाऊबाई.”

“ऐकलंत ना सगळ्यांनी? आज प्रार्थना रेजिनाकडे. उद्या सकाळी क्रूस आत्याकडे, आणि तो तिच्या उशाशी संध्याकाळच्या मिस्सापर्यंत राहणार. फादरना जाऊन सांगा, मी म्हणते म्हणून. थांबतील ते.”

बायका हलल्या नाहीत. रेजिनाही हलली नाही, क्रूस मिठीत धरून उभी होती. तिला वाटलं असावं, एवढ्यावर संपलं. पण मी इतकी वर्षं भिंतीशी बोलले होते. तिला सुनावल्याशिवाय मी घरात जाणार नव्हते.

“आता ऐक, रेजिना. पहिला घास द्यायचा मान माझा होता. तो तू मला न सांगता घेतलास, ही एक चूक. माझी पोरं भुकेली होती, हे तू बघितलंस आणि मी नाही. ते मी तुला कधी माफ करणार नाही, माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नकोस. आणि सगळ्यात मोठी चूक, की एवढं करून तू तोंड शिवून बसलीस, मला वेडीसारखं माडाशी बोलायला लावलंस, आणि सगळ्या वाडीत मला कजाग ठरवलंस. मी कजाग आहे, पण ते ठरवायला तुझी मदत नको होती. तेव्हा तुला शिक्षा आहे. या रविवारी तुझी चूल पेटणार नाही. तू इकडे येऊन जेवायचं. पहिला घास मीच देणार, तुलासुद्धा. तोंड उघडायचं आणि गप्प खायचं. गप्प बसणं तुला चांगलं जमतं.”